अण्णा, इंजिन पुन्हा जाम होतंय

वाचकहो, ज्या माणसाला तुमच्या मंडळानं शेडच्या दारातून परत पाठवलं, त्याच्याच शोकसभेच्या सतरंज्या अंथरताना तुमच्यापैकी एकाला तरी लाज वाटली का?

उत्तर लगेच नको. मला आधी अण्णांशी बोलायचं आहे. तुम्ही नौकाविहार मंडळाचे सभासद आहात, वर्गणीदार आहात, तेव्हा बसून ऐका.

अण्णा, काल तुमची शोकसभा झाली. कारखान्याच्या ओळखपत्रावरचा तुमचा फोटो मोठा करून आणला होता. त्यात तुम्ही कुणीतरी मागून हाक मारल्यासारखे दचकलेले दिसता. त्याला निशिगंधाचा एवढा जाड हार घातला होता की हनुवटी झाकली गेली. चिटणीस उठले, घसा खाकरला, आणि म्हणाले, "अण्णांच्या जाण्यानं आपल्या मंडळाचा आधारस्तंभ कोसळला." तुम्ही मंडळाचे साधे सभासदसुद्धा नव्हता. मग म्हणाले, "मंडळाच्या मार्गदर्शनाखाली अण्णांनी आपल्या मोटरलाँचचं इंजिन चालू केलं." मार्गदर्शनाखाली! दोन मिनिटं शांतता पाळली, आणि तिसऱ्या मिनिटाला उप्पिटाच्या बशा फिरल्या. मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "कॉफी स्वल्प स्ट्राँग पाहिजे होती." तिथून हाकेच्या अंतरावर शेडमध्ये ते इंजिन कुलपाखाली सडत होतं. एकानंही त्याचं नाव काढलं नाही.

मी उठून बोलायला हवं होतं. तुम्हाला माहीत आहे मी बोलते. वडील छापखान्यात खिळे जुळवायचे. आमच्या घरात कपड्यांच्या दोरीवर ओली पत्रकं वाळायची आणि मी अक्षरं शिकले ती त्या पत्रकांवरून. तुम्ही मला पत्रकबाईच म्हणायचा. पण काल मी गप्प बसले. का, ते पुढं लिहिते. तेच लिहिणं सगळ्यात अवघड आहे.

गेल्या वर्षी तळ्यात गवत कापणारा एक माणूस बुडाला, तेव्हा तुम्ही काठावर होता. रविवार होता. माणसं ओरडत होती, मंडळाची वल्ह्यांची नाव निघाली, दोघं जीव तोडून वल्ही मारत होते, आणि तरी ती पोचली तेव्हा पाणी सपाट झालं होतं. पुढच्या रविवारी तुम्ही शेडचा राखणदार मुनियप्पा याला म्हणालात, "आत ती मोटरलाँच हाय न्हवं? दार उघड."

गोऱ्या साहेबांनी हौसेनं आणलेली ती लाँच, ते गेल्यापासून शेडमधल्या उतारावर पडून होती. तेरा-चौदा वर्षं. इंजिन नावेच्या पोटातच बसवलेलं, त्यामुळे उचलून कारखान्यात न्यायची सोय नाही. काम करायचं तर नावेत उतरून, गुडघ्यांवर बसून. तुम्ही चिटणिसांची परवानगी मागायला गेलात, तेव्हा त्यांनी वर्तमानपत्रातून मान वर न काढता सांगितलं, "घ्या हो, भंगारच आहे ते." हे वाक्य मी जपून ठेवलं आहे. इंजिन बंद होतं तोवर ते भंगार होतं. फिरायला लागलं त्या दिवसापासून ते मंडळाचं वैभव झालं.

मी तुमच्याबरोबर आले ती मंडळाविरुद्ध मजकूर मिळेल म्हणून. आता कबूल करते. पहिल्या दिवशी तुम्ही इंजिन फिरवायचं हँडल घातलंत, एकदा दाबून पाहिलंत आणि काढून ठेवलंत.

"जाम हाय."

"हातोडा आणू, अण्णा?"

"आण की. आधी माझ्याच डोक्यात घाल."

चारही प्लग काढून तुम्ही प्रत्येक सिलिंडरमध्ये रॉकेल आणि एरंडेल निम्मंनिम्मं घातलंत, तुमच्या घरच्या, म्हणजे आक्का, त्यांच्या स्वयंपाकघरातल्या पळीनं. भोकांत चिंध्यांचे बोळे कोंबलेत, म्हणजे आत कचरा जायला नको. आणि मग आपण घरी गेलो. बुधवारी पाळी सुटल्यावर पुन्हा तेच. रविवारी पुन्हा तेच. तिसऱ्या आठवड्यात माझा धीर सुटला, मी पिशवीतून कागद काढला आणि पत्रकाचा मसुदा वाचून दाखवला: जनतेच्या जिवाशी खेळणाऱ्या मंडळाला जाब विचारा, वगैरे. तुम्ही पाना पुसत ऐकलंत.

"पत्रकानं इंजन फिरंल व्हय?"

"पत्रकानं माणसं फिरतात, अण्णा."

"फिरू देत की. पर मग हँडल कोण मारंल? स्वल्प थांब गं."

हा वाद आपण सोडवला नाही. सहाव्या आठवड्यात हँडल दोन बोटं सरकलं तेव्हा तुम्हाला वाटलं तुम्ही जिंकलात. मला वाटलं, दोन बोटांसाठी सहा आठवडे, आणि ही माणसं रोज संध्याकाळी तळ्याकाठी हवा खात फिरतात, त्यांना कुणी जाब विचारत नाही. मला अजूनही तसंच वाटतं. तुम्ही गेलात म्हणून मी माझं मत बदललेलं नाही.

पण ते दिवस, अण्णा! मॅग्नेटो ओलावल्यामुळे ठिणगी पडत नव्हती, तर तुम्ही तो घरी नेऊन चुलीशेजारी वाळत ठेवलात. आक्का ओरडल्या, "या घरात भाकरी भाजायची का लोखंड?" चार दिवसांनी तुम्ही मला म्हणालात, "ही तार धर जरा," आणि मॅग्नेटो फिरवलात. मी किंचाळून फूटभर मागं फेकली गेले, आणि तुम्ही समाधानानं म्हणालात, "ठिणगी हाय." इंजिन थंड ठेवण्यासाठी तळ्याचं पाणी ज्या वाटांनी आत खेळतं, त्या वाटांत चिखल वाळून विटेसारखा झाला होता. तो आपण सायकलच्या तारेनं कोरून काढला, मी एका बाजूनं, तुम्ही दुसऱ्या. धुराच्या नळीत उंदरांनी घरटं केलं होतं, मंडळाच्या जुन्या इतिवृत्तांच्या कपट्यांचं. तुम्ही एक कपटा उजेडात धरून म्हणालात, "बघ, कुणाच्या तरी उपयोगी पडलं." मी इतकी हसले की मुनियप्पा बघायला आला.

ज्या रविवारी इंजिन चालू झालं, तो दिवस मी कुणाला देणार नाही. मुनियप्पानं आणि मी लाँच उतारावरून ढकलून तिचा मागचा भाग पाण्यात उतरवला. तुम्ही हँडल मारलंत. तीनदा त्यानं उलटा हिसका दिला. चौथ्यांदा एक सिलिंडर खोकला, मग दुसरा, आणि मग चारहींनी एकच सूर धरला. शेड निळ्या धुरानं भरली. बाजूच्या नळीतून आधी तपकिरी, मग गढूळ आणि मग स्वच्छ पाणी पडायला लागलं. तुम्ही त्याखाली तळवा धरलात, ते फार तापलं नाही ना बघायला, आणि तसाच ओला हात वर करून हसलात. मुनियप्पा ओरडत होता, "आयितु अण्णा, आयितु!" झालं, झालं. वल्ह्यांची नाव तळ्याच्या मध्यावर पोचली नसती एवढ्यात आपण पलीकडच्या काठाला टेकून परत निघालो होतो. येताना गवताच्या त्या टोकापाशी तुम्ही इंजिनाचा वेग उतरवलात. तिथं तो माणूस बुडाला होता. तुम्ही काही बोलला नाहीत, मीही नाही. त्या शांततेबद्दल मी तुमची ऋणी आहे. मला शांत बसता येतं हे मला तोवर माहीत नव्हतं.

आता किळस येईल असं लिहिते.

दसरा आला. तुम्ही आयुधपूजा मानणारे. तुमच्या गावाकडं तिला खंडेनवमी म्हणतात. मी तुम्हाला चिडवलं होतं, "अण्णा, पान्याला कुंकू लावल्यानं काय होतं?" तुम्ही म्हणालात, "कुंकू लावायच्या निमित्तानं पुसून तरी होतंय की." तुमची रीत ठरलेली होती. नवमीला यंत्र चालवायचं नाही, म्हणून आदल्या संध्याकाळी प्लग काढून साफ करायचे, प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर तेल सोडायचं, भोकांवर चिंध्या कोंबायच्या आणि यंत्राला एक दिवस झोपू द्यायचं. लाँचच्या इंजिनाचंही तुम्ही तसंच केलंत. नवमीच्या सकाळी तुम्ही कारखान्यातल्या पूजेला गेलात. आणि मी? मला मुनियप्पानं सांगितलं होतं, "अम्मा, मंडळवाले शेडमध्ये पूजा करणार, या." मी म्हणाले, मी यंत्राच्या पूजेला उभी राहत नाही. तत्त्व म्हणून घरी बसले.

चिटणीस आले, त्यांच्या घरची मंडळी आली, पुरोहित आले. इंजिनाच्या डोक्यावर चार तेलकट चिंध्या. पूजेत घाणेरड्या चिंध्या कशा चालतील? उपटून काढा. त्यांनी त्या उपटल्या, हळदीकुंकवाची बोटं उठवली, झेंडूची माळ घातली आणि इंजिनाच्या डोक्यावरच नारळ फोडला. मुनियप्पा "बेडा, बेडा" म्हणत राहिला, नको, नको. त्याला गप्प केलं गेलं. नारळाचं पाणी त्या चार उघड्या भोकांतून सरळ आत गेलं. सगळ्यांनी हात जोडले. मग इंजिनावर लाकडी झाकण घातलं, कुलूप लावलं आणि वर लाल फीत बांधली, कारण कुणी मोठे पाहुणे उद्घाटनाला येणार होते.

पाहुण्यांनी आधी एकदा तारीख पुढं ढकलली, मग दुसऱ्यांदा.

चौथ्या दिवशी आपण शेडमध्ये गेलो. झाकणाच्या फटीतून लाल मुंग्यांची रांग आत जात होती आणि दुसरी बाहेर येत होती. आंबूस वास येत होता. कोमेजलेल्या झेंडूचा आणि त्या पाण्याचा मिळून आलेला तो वास आजही माझ्या नाकात आहे. तुम्ही फटीला नाक लावलंत आणि डोळे मिटलेत. तुमच्या तोंडून शिवी येईल म्हणून मी वाट पाहत होते. तुम्ही म्हणालात, "आज उघडलं तर धुवून निघंल."

चिटणिसांकडं मी तुमच्याबरोबर होते. ते म्हणाले, "पूजा झालेल्या वस्तूला मुहूर्ताआधी हात लावायचा नसतो, अण्णा. तुम्हाला हे आम्ही सांगायला पाहिजे?"

"आत पाणी गेलंय, साहेब. गंज धरंल."

"पवित्र पाणी आहे ते. आणि तरी उघडायचंच असेल तर पाच सभासदांच्या सह्यांचा विनंतीअर्ज द्या. आमच्याकडं रीत आहे."

वाटेत तुम्ही मला म्हणालात, "पत्रकबाई, तेवढा अर्ज लिहून दे. पाच ओळीच हव्यात. सह्या मी फिरून घेतो."

आणि मी काय म्हणाले, अण्णा? मी म्हणाले, "विनंती? या लोकांना? माझ्या हातून 'विनंती' हा शब्द लिहिला जाणार नाही. मी पत्रक काढते. रविवारच्या आत कुलूप निघेल."

तुम्ही "सरी" म्हणालात. बरं. एवढंच.

मी पत्रक काढलं. 'नारळाच्या पाण्यावर इंजिन चालवणारे तज्ज्ञ' असा मथळा. लोकांनी वाचलं, हसले, एकमेकांना दाखवलं. मी दोन दिवस हवेत होते. त्यात मी लिहिलं होतं, 'एक कुशल फिटर दारात उभा आहे आणि त्याला आत घेतलं जात नाही.' तुमचं नाव नव्हतं, पण ते सगळ्यांना कळलं. मंडळाची सभा झाली आणि ठराव झाला: सभासद नसलेल्या कुणालाही शेडमध्ये प्रवेश नाही. पुढच्या रविवारी मुनियप्पानं तुम्हाला दारात अडवलं. खाली बघत म्हणाला, "अण्णा, चावी इल्ल." त्याच्याकडं चावी नव्हती, ती काढून घेतली होती. तुम्ही त्याच्या खांद्यावर हात ठेवलात आणि परत फिरलात. तुम्हाला अडवलं माझ्या पत्रकानं. कुलूप मंडळाचं होतं, पण ते पक्कं झालं माझ्या मथळ्यानं.

त्या संध्याकाळी तुम्ही पायरीवर बसून पत्रक चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलंत आणि घडी घालत म्हणालात, "अक्षरं बाकी सुबक आल्यात." मला तेव्हा वाटलं ही शाबासकी आहे.

मी तुमची माफी मागितली नाही. मला वाटत होतं, लढाई चालू आहे, माफी कसली? तुम्ही मात्र दर रविवारी तळ्याच्या बाजूनं, गुडघाभर पाण्यातून लाँचच्या मागं जात होता. शेडचं दार लावलं तरी तिचा मागचा भाग पंख्यासकट बाहेर राहतो, आणि या लाँचला गिअर नाही; पंखा आणि इंजिन एकाच दांड्यावर. पंखा हातानं हलवून बघायचा, म्हणजे आत इंजिन किती मोकळं आहे ते कळतं. तुम्ही मला सांगितलंत, "अजून वीतभर हलतंय." पुढच्या वेळी, "चार बोटं." तुम्हाला आशा होती. मी त्या काळात दुसरं पत्रक लिहीत होते.

गेल्या मंगळवारी सकाळी चहाचा पेला हातात असतानाच तुम्ही गेलात. डॉक्टर म्हणाले, हृदय. ते मंडळामुळे थांबलं असं मी म्हणणार नाही. खोटं लिहायचं नाही हे मी पत्रकांतूनच शिकले. पण शेवटचे सहा रविवार तुम्हाला चोरासारखं पाण्यातून जावं लागलं, हे खरं आहे, आणि ते मी लिहिणार.

काल सभा संपल्यावर आक्कांना घरी सोडायला गेले. मी रागानं बडबडत होते: भाषण, हार, उप्पिट. आक्का चप्पल काढता काढता थांबल्या.

"तुझं झालं बोलून?"

"आक्का, ह्यांना लाज..."

"त्यांना न्हाई, ते म्हाईत हाय मला. तू पाच ओळी लिहिल्या असत्यास तर काय तुझा हात झडला असता? दोनदा म्हणाले ते मला, पोरगी लिहील, पोरगी लिहील."

आक्का बोलल्या ते मला सभेत बसल्यापासूनच ठाऊक होतं, म्हणून मी काल बोलले नाही, अण्णा. काल त्या सतरंजीवर मीही बसले होते, आणि मला माझाही वास येत होता.

आक्कांकडून निघाले ती सरळ तळ्यावर गेले. लुगडं खोचून पाण्यात उतरले आणि पंख्याला दोन्ही हात लावले. पूर्ण जोर करून तो दोन बोटं हलला. पुढच्या महिन्यात तो हलणार नाही. मग पुन्हा रॉकेल आणि एरंडेल, पुन्हा सहा आठवडे, आणि ते करायला तुम्ही नाही. तेवढ्यात तळ्यात आणखी कुणी उतरलं, तर त्याच्यापर्यंत वल्ह्यांचीच नाव जाईल. ती किती वेळात पोचते ते आपण पाहिलं आहे.

वाचकहो, आता तुमच्याकडं वळते. मी अर्ज लिहिला आहे. तो असा:

'मा. चिटणीस, नौकाविहार मंडळ यांस. विनंती की, मोटरलाँचच्या इंजिनावरील झाकण उघडण्याची परवानगी द्यावी. आत पाणी गेले आहे. ते धुवून, तेल घालून, इंजिन दर आठवड्यास फिरवण्याचे काम आम्ही सभासद स्वतः करू.'

'विनंती' हा शब्द लिहायला मला रात्र लागली नाही. एक क्षण लागला. त्या क्षणाची शरम मला जन्मभर पुरेल. आता तुमची पाळी. अर्जाखाली पहिली सही माझी आहे. वडिलांच्या माघारी त्यांची वर्गणी मी भरते, तेव्हा मी सभासद आहे. चार जागा रिकाम्या आहेत. काल शोकसभेत पहिल्या तीन रांगांतच सोळा सभासद मोजले मी.

चिटणिसांवर राग धरायचा असेल तर धरा, माझ्यावरही धरा, ते नंतर. येत्या रविवारी सकाळी आठ वाजता मी शेडच्या दारापाशी अर्ज घेऊन उभी असेन. टाक आणि दौत मी आणते. तुम्ही या आणि सही करा. आणि सही झाल्यावर घरी जाऊ नका, बाह्या वर करून आत या. जाम इंजिनाचं हँडल एकट्याच्यानं हलत नाही.